ज्याला आठवतं, त्याने सांगावं
(१९९५ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि समोर पहिल्या रांगेत आपले गणिताचे सर बसले आहेत, त्यामुळे सोळावं मिनिट होणार नाही याची खात्री बाळगा.

आधी विषयाबद्दल. ग्रुपवर यादी आली तेव्हा डॉक्टर मंडळींना मधुमेह, बँकवाल्यांना निवृत्तीचं नियोजन, ऊसवाल्यांना ठिबक सिंचन असे विषय वाटून दिले होते. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, 'एआयमुळे नोकऱ्या जाणार का?' मी संयोजकांना फोन करून सांगितलं की याचं उत्तर मला माहीत असतं तर मी रोज सकाळी साडेआठला हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये उभी राहिले नसते. मला दुसऱ्या विषयावर बोलू द्या. त्यांनी विचारलं, कशावर? मी म्हटलं, जून महिन्यापासून आपला ग्रुप ज्याच्यावर बोलतोय त्याच्यावरच.

तुम्ही ग्रुप नीट बघा. जूनपासून निम्म्या लोकांची मुलं घराबाहेर पडली. कुणाची मुलगी बंगळूरला गेली, कुणाचा मुलगा पुण्याला, कुणाचा जर्मनीला. माझी मोठी मुलगी ऑगस्टमध्ये अहमदाबादला डिझाइन शिकायला गेली. आणि तेव्हापासून दर रविवारी ग्रुपवर राजकारण कमी आणि मुलांचे जुने फोटो जास्त यायला लागले. टकलू डोक्याचे, काजळ लावलेले, बोरन्हाणातले, बादलीत बसलेले. खाली आपण सगळे लिहितो, 'किती लवकर मोठी झाली गं!' रात्री ट्रॅक्टर दुरुस्त करून आलेला माणूससुद्धा बारा वाजता तेच लिहितो. म्हणून मला वाटलं, हे एकदा समोरासमोर बसून बोलावं.

पहिली गोष्ट खरी खरी बोलू. ते दिवस सुखाचे होते का? माझा धाकटा दोन वर्षांचा होईपर्यंत मी सलग पाच तास झोपलेली मला आठवत नाही. पावसाळा लागला की त्याची छाती भरायची. रात्री दोनला नेब्युलायझरचं मशीन लावायचं, मास्क धरून बसायचं, आणि सकाळी नऊला अमेरिकेतल्या क्लायंटने रात्रीतून पाठवलेल्या वीस मेल उघडायच्या. मोठीला वरणभात भरवायला पाऊण तास लागायचा आणि त्यातला निम्मा भात माझ्या ओढणीवर असायचा. तेव्हा मला कुणी येऊन सांगितलं असतं की बाई, याच दिवसांसाठी तू पुढे रडशील, तर मी त्या माणसाला मुलं सांभाळायला बसवून झोपायला गेले असते.

मग आता नेमकं काय हवंसं वाटतं? मी याचा बराच विचार केला. रडारड नको आहे, जागरण नको आहे. हवं आहे ते एवढंच, की त्या वयात मुलाचं सगळं आपल्याला माहीत असतं. त्याने आज काय खाल्लं, कोणाशी बोललं, कशाला घाबरलं, त्याला एकूण किती शब्द येतात, सगळं. जगातल्या दुसऱ्या एका माणसाबद्दल इतकी संपूर्ण माहिती आपल्याला आधी कधी नसते आणि नंतर कधी मिळत नाही. आज मुलगी रविवारी फोन करते. 'जेवलीस का?' 'हो.' 'काय होतं?' 'नेहमीचंच.' नेहमीचं म्हणजे काय, ते मला माहीत नाही. हे असंच व्हायला हवं, ती अठरा वर्षांची आहे. पण ज्या घरात आपण किल्लीशिवाय वावरत होतो, तिथे आता बेल वाजवून थांबावं लागतं, ही सवय व्हायला वेळ लागतो.

आता 'सगळं माहीत असतं' असं मी म्हटलं खरं, पण ते तितकंसं खरं नाही. त्याची एक हकीकत सांगते.

मोठी २००७ सालची. त्या काळी कायद्याने बाळंतपणाची रजा बारा आठवडे मिळायची. २०१७ पासून ती सव्वीस आठवडे झाली, त्यामुळे आज आमच्या ऑफिसमधल्या मुली सहा महिने घरी राहू शकतात, त्याचा मला आनंद आहे. माझ्या वेळी आई कराडहून येऊन राहिली म्हणून निभावलं. बाळ आठ महिन्यांचं झाल्यावर आमच्या सोसायटीच्या मागे एक मावशी पाळणाघर चालवायच्या, तिथे ते जायला लागलं. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सात. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी फोन करायची, मावशी एका वाक्यात अहवाल द्यायच्या. 'झोपलंय', 'खिमट खाल्लं', 'आज जरा किरकिर आहे'.

बाळ अकरा महिन्यांचं असताना एका गुरुवारी मावशी मला म्हणाल्या, 'पायात जोर आलाय हो आता. शनिवार-रविवार तुम्ही घरी असाल ना, जरा लक्ष ठेवा. चालेल बघा.' आणि शनिवारी सकाळी आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी ती हात सोडून तीन पावलं चालली. आम्ही दोघांनी घर डोक्यावर घेतलं. कराडला फोन, सासरी फोन, शेजारी पेढे. पुढची सतरा वर्षं 'पहिलं पाऊल' म्हणून आम्ही तो शनिवार सांगत होतो.

या मे महिन्यात बारावीचा निकाल लागला. मुलीला घेऊन मावशींकडे पेढे द्यायला गेलो. मावशी आता सत्तरीच्या पुढे आहेत, पाळणाघर केव्हाच बंद केलंय. त्यांनी मुलीच्या तोंडावरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, 'आता सांगायला हरकत नाही. ही पहिल्यांदा चालली ती माझ्याकडे. बुधवारी. कपाटाच्या कडेपासून माझ्या मांडीपर्यंत आली. पण मी कुठल्याच आईला ते सांगत नसे. बावीस वर्षांत नाही सांगितलं. पहिलं पाऊल ज्याचं त्याच्या घरात पडावं.'

घरी येताना गाडीत कोणीच बोलेना. मला आधी वाईट वाटलं, नाही असं नाही. पण सिग्नलला थांबलो तेव्हा मागून मुलगी म्हणाली, 'म्हणजे मी दोनदा पहिल्यांदा चालले.' आणि तेव्हा लक्षात आलं की सतरा वर्षं माझ्या मुलीच्या आयुष्यातला एक बुधवार दुसऱ्याच एका बाईने जपून ठेवला होता. मुलीला तो माहीत नव्हता, मला माहीत नव्हता. आम्ही पेढे न्यायचा कंटाळा केला असता, तर तो मावशींबरोबरच गेला असता.

आता याच्या मागचं थोडं शास्त्र सांगते, विज्ञानाच्या बाईंसाठी. मोठ्या माणसाला साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं स्वतःचं काहीही आठवत नाही. मानसशास्त्रात याला बालविस्मृती म्हणतात. लहान मुलांच्या आठवणी तयारच होत नाहीत असं नाही. पाच-सहा वर्षांचं मूल तिसऱ्या वर्षातल्या बऱ्याच गोष्टी सांगू शकतं. पण आठ-नऊ वर्षांचं होईपर्यंत त्यातलं पुष्कळ पुसलं जातं. मेंदूचा जो भाग आठवणी पक्क्या करतो तो त्या वयात अजून घडत असतो, आणि आठवण बांधून ठेवायला लागणारी भाषाही पुरेशी आलेली नसते.

म्हणजे बघा. ज्या तीन-चार वर्षांसाठी आपण ग्रुपवर डोळे पुसतो, ती वर्षं मुलांकडे नाहीतच. ती फक्त आपल्याकडे आहेत. त्यांच्या आयुष्याचा पहिला धडा त्यांच्या पुस्तकात कोरा आहे आणि त्याची एकमेव प्रत आपल्या डोक्यात आहे. आमच्या धंद्यात एकमेव प्रत म्हटलं की अंगावर काटा येतो. आमचा साधा नियम आहे: महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती ठेवाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. आणि इथे तर एकच प्रत, तीही चाळिशी लागलेली!

तुम्ही म्हणाल, फोटो आहेत की. आहेत. माझ्या स्वतःच्या दहावीपर्यंतच्या आयुष्याचे एकूण अकरा फोटो आहेत. त्यातले चार शाळेचे वर्गाचे, ज्यात मी तिसऱ्या रांगेत कोणाच्या तरी वेणीमागे आहे. छत्तीस फोटोंचा रोल असायचा आणि तो एका लग्नात घातला तर दुसऱ्या बारशाला संपायचा. माझ्या दोन मुलांचे मिळून तेवीस हजार फोटो आहेत, मी मोजले. पण मुलगी रिक्षाला 'किरशा' म्हणायची, ते कुठल्या फोटोत आहे? धाकटा सगळ्या होऊन गेलेल्या गोष्टींना 'उद्या' म्हणायचा. 'उद्या आपण आजीकडे गेलो होतो ना?' पाल दिसली की तिला आधी नमस्कार करायचा, कारण देवघरातल्या भिंतीवर त्याने पहिली पाल पाहिली होती. हे कॅमेऱ्यात येत नाही. फोटोत मूल हसताना दिसतं, पण ते कशाला हसलं ते फोटो काढणाऱ्यालाच माहीत असतं. तेवीस हजार फोटोंपैकी किती फोटोंचं 'कशाला' मला अजून सांगता येईल? मी एका रविवारी बसून पाहिलं. शंभरातल्या जेमतेम वीस-पंचवीसांचं.

आपल्या आधीच्या बायकांकडे कॅमेरा नव्हता, पण त्यांच्याकडे जातं होतं. मराठीच्या बाईंनी आपल्याला ओव्या शिकवल्या तेव्हा परीक्षेला किती मार्कांना येतील एवढंच आपण बघितलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्याच्या आधी साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये अशा ओव्या जमवल्या होत्या. गेल्या दोन-तीन महिन्यांत मी त्या पुष्कळ वाचल्या. त्यांत अंगणात खेळणारं तान्हं बाळ आहे, आणि सासरी गेलेली लेकही आहे. तेव्हा लेक दहा-बारा वर्षांची असताना जायची. माझी अठराव्या वर्षी स्वतःच्या मर्जीने, विमानाने, आवडीचं शिकायला गेली. त्या बायकांचं दुःख आणि माझं एका तागडीत तोलायचं नाही, एवढं मला कळतं. पण एक गोष्ट मी त्यांच्याकडून घेतली. त्या मनात ठेवून बसल्या नाहीत. पहाटे दळताना मोठ्याने म्हणाल्या. समोर जात्याला हात लावणाऱ्या सासूने, नणंदेने ते ऐकलं. पांघरुणात पडलेल्या मुलांनी ऐकलं.

पांघरुणात पडलेल्या मुलांवरून माझं घर आठवलं. तुमच्यापैकी काहींना माहीत आहे, माझे वडील एसटीत वाहक होते, कराड डेपोला. मुंबईची ड्यूटी असली की दोन-दोन दिवस घरी नसायचे. परत आले की रात्री उशिरा आई त्यांना वाढायची आणि वाढताना दोन दिवसांचा सगळा हिशेब द्यायची. धाकट्याचा दात पडला, तो त्याने कौलावर टाकला. हिने शेजारच्या काकूंना विचारलं, तुमच्या घरी रोज भांडण का होतं? वडील जेवताजेवता हसायचे. 'मग?' म्हणायचे. 'मग काकू काय म्हणाल्या?' मी आतल्या खोलीत डोळे मिटून जागी असायची. मित्रांनो, माझं लहानपण मला जे काही ठाऊक आहे, त्यातलं निम्मं मी त्या 'मग?'मधून ऐकलेलं आहे. वडिलांना जाऊन सात वर्षं झाली. त्यांनी आमचं लहानपण फारसं पाहिलं नाही, पण ऐकलं सगळं.

आणि याला शास्त्राचाही आधार आहे बरं का. आईवडील मुलांशी झाल्यागेल्या गोष्टींबद्दल सविस्तर बोलत राहिले, 'मग काय झालं, तुला कसं वाटलं' असं विचारत राहिले, तर त्या मुलांच्या आठवणी जास्त भरीव होतात आणि लवकरच्या वयापासूनच्या टिकतात, असं अभ्यासातून दिसलं आहे. तेव्हा आठवण सांगणं म्हणजे नुसतं उसासे टाकणं नाही. ते मुलांना काहीतरी देणं आहे.

पण देणं आणि उसासे यांतला फरक सांभाळावा लागतो. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर आजी, काका, मावश्या सगळ्या मुलीचे लहानपणचे फोटो टाकत असतात, खाली बदाम. 'किती गोड होती!' जायच्या आदल्या रात्री बॅग भरताना मुलगी मला म्हणाली, 'आई, ती फोटोतली मुलगी सगळ्यांची फार लाडकी आहे. मला ती आठवतही नाही. कधी कधी मला तिची असूया वाटते.' मी हातातले कपडे खाली ठेवले. तिला काय म्हणायचं होतं ते तुम्हाला समजलं असेल. आपण 'होती' म्हणतो तेव्हा समोर बसलेलं मूल विचार करतं, मग आता मी कोण? आपण हरवलेल्या बाळाबद्दल बोलतो आणि ते बाळ अठरा वर्षांचं होऊन समोर बॅग भरत असतं.

त्या रात्री आम्ही बारापर्यंत बसलो. मी तिला फोटो दाखवले नाहीत. तिच्याबद्दलच्या गोष्टी सांगितल्या, आणि प्रत्येक गोष्ट आजच्या तिच्यापर्यंत आणून सोडली. 'तू तीन वर्षांची असताना भिंतीवर घरं काढायचीस आणि प्रत्येक घराला दोन दारं काढायचीस. विचारलं तर म्हणायचीस, एक बंद झालं तर?' ती हसायला लागली. म्हणाली, 'माझ्या प्रवेश परीक्षेच्या पोर्टफोलिओत पण दोन दारांचं घर आहे.' तिला ते कुठून आलं हे माहीत नव्हतं आणि पोर्टफोलिओतलं घर मी पाहिलं नव्हतं. एक टोक माझ्याकडे होतं, दुसरं तिच्याकडे.

तेव्हापासून मी एक वही केली आहे. साधी दोनशे पानी. रोज नाही, आठवेल तसं लिहिते. तारीख आठवली तर तारीख, नाहीतर 'थंडी होती' एवढं तरी. आतापर्यंत सत्तेचाळीस नोंदी झाल्या. मावशींचा बुधवार पहिल्या पानावर आहे. दिवाळीला ती आली तेव्हा तिने वही वाचली आणि दोन ठिकाणी पेन्सिलीने लिहिलं, 'मग?'

आता सर आणि बाई, तुमच्याकडे वळते. तुमचं या बाबतीत वेगळंच आहे. आमची मुलं एकदा लहान असतात आणि मोठी होतात. तुमच्या समोर दर जूनमध्ये पाचवीचा वर्ग यायचा, त्याच वयाचा, तेवढ्याच उंचीचा, आणि दर मार्चमध्ये दहावीचा निघून जायचा. तुम्ही हे तीस-पस्तीस वेळा केलंत. निरोप समारंभात आम्ही रडायचो आणि तुम्ही खुर्च्या उचलायला सांगायचात, त्याचा अर्थ मला या ऑगस्टमध्ये कळला.

आणि तुमच्याकडे आमचं काय काय आहे, त्याचा आम्हाला पत्ता नाही. आज सकाळी चहाच्या वेळी आपल्या मराठीच्या बाई मला म्हणाल्या, 'तू पाचवीत होतीस तेव्हा मधल्या सुट्टीत डबा न खाता पळायचीस. मी एकदा मागे आले. तर तू बालवाडीच्या खिडकीशी उभी. भाऊ रडतोय का बघायला. तो खेळताना दिसला की मग परत येऊन डबा खायचीस.' मला हे मुळीच आठवत नाही. भावाला आठवणं शक्य नाही. वडील नाहीत, आणि आई शाळेत नव्हती. पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वीची एक मधली सुट्टी या पृथ्वीवर फक्त बाईंकडे होती, आणि बाईंनी ती मला चहाच्या कपाबरोबर दिली. मी लगेच भावाला फोन केला. तो आज दोन मुलांचा बाप आहे. जरा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, 'डबा खाल्लास का आता?'

आपल्यापैकी अनेकांचे आईवडील आता नाहीत. आपण लहान होतो हे ज्यांनी पाहिलं, ती माणसं दरवर्षी कमी होताहेत. विचार करा, अशी किती माणसं उरली आहेत तुमच्या आयुष्यात? त्यातली बरीचशी आज याच सभागृहात आहेत. कोयनेचा धक्का बसून वर्गाच्या काचा खडखडल्या तेव्हा 'बसा, कोयनाच आहे' म्हणून फळ्यावर गणित पुढे चालू ठेवणारे सर इथे आहेत. आणि 'कोयनाच आहे' ऐकूनही बाकाखाली शिरलेला इसम तिसऱ्या रांगेत बसला आहे. त्याला ते आठवत नसेल. आम्हाला आठवतं, आणि जेवणाच्या वेळी आम्ही ते त्याच्या बायकोला सांगणार आहोत.

म्हणून माझी एकच विनंती आहे, आणि मग मी थांबते. आज जेवताना शेअर बाजार, गुडघे आणि मुलांचे पॅकेज हे तीन विषय जरा बाजूला ठेवू. प्रत्येकाने निदान एका माणसाला त्याच्याबद्दलची एक अशी गोष्ट सांगावी, जी त्याला स्वतःला आठवत नसेल. सर, बाई, तुम्ही तर सांगाच. चुकीची आठवली तरी चालेल, दुरुस्त करायला चाळीस जण आहेत. या स्मरणिकेच्या शेवटी संयोजकांनी काही पानं कोरी ठेवली आहेत, ती माझ्या आग्रहावरून. त्यावर सह्या घेऊ नका. गोष्टी लिहून घ्या, आणि घरी गेल्यावर मुलांना वाचायला द्या. आपणही कधीतरी कौलावर दात टाकणारे होतो, हे त्यांनाही कळू द्या.

सर, पंधरा मिनिटं झाली. मी खाली बसते.